निळ्या प्लॅस्टिकखालची गाडी

पुण्यात मी इंजिनिअर होतो. न्यूझीलंडला त्याचं काही पडलेलं नव्हतं. तिथल्या जून-जुलैच्या हिवाळ्यात मी हेन्डरसनमधल्या आमच्या घरून मोटरसायकलवर रोज समुद्रकाठच्या एका मोटेलात खोल्या झाडायला जायचो. दिवसभर गाडी खाऱ्या वाऱ्यात उभी असायची. संध्याकाळी घरी आलो की कोरडं फडकं मारून मी ती निळ्या प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधायचो, आमच्याकडे पावसाळ्यात बांधतात तशी.

शेजारचा म्हातारा कुंपणापलीकडून ओरडायचा, "आधी साध्या पाण्याने धू, मीठ जाऊ दे!" लोखंडावर आपणहून पाणी ओतायचं? मला गाडी शिकवतोय! मी दोरीला आणखी एक गाठ मारायचो. बायको म्हणाली, "अहो, बरणीला दादरा बांधतात तशी बांधताय. लोणचं घालताय का?" मी तिच्यावरही खेकसलो.

हिवाळा सरायच्या आत मोटेलवाल्याने मला कामावरून काढलं. जायचं कुठेच नव्हतं, म्हणून गाडी तशीच बांधलेली राहिली.

दसऱ्याच्या सकाळी पूजेसाठी गाठी सोडल्या. आतून कोंदट, खारट वास आला. चेन गंजून एकजीव झाली होती. टाकीखाली बोट फिरवलं तर पापुद्रेच हातात आले. किल्ली फिरवली, किका मारल्या, गाडी ढिम्म.

बायको हार आणि कुंकवाची कोयरी घेऊन उभी होती. मी हार घेतला आणि हँडलला घातला.  कुंकू न लावताच कोयरी घेऊन ती आत गेली.