रेश्माताई नाशिकला निघाल्या

रेश्माताई दिवसा पंचायत समितीत लिपिक असतात आणि संध्याकाळी आमच्या हौशी नाट्यसंस्थेत नायिका. यंदा स्पर्धेसाठी आम्ही ‘शेजारी दिलेली चावी’ हे फारसं कुणी न केलेलं नाटक घेतलं. त्यात शेवटी बायको भरलेली बॅग उघडून एकदा बघते, बंद करते आणि नवऱ्याला सोडून नाशिकला जाते. तालमीत ताईंचं हे जाणं काही जमेना. रिकामी बॅग उचलून त्या कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला चालल्यासारख्या निघायच्या.

“शेवट पडला की नाटक पडलं,” दिग्दर्शक रोज ऐकवायचे.

रंगमंचावरचं सामान सांभाळायला ताईंचे यजमान जोतीराम. एसटीत कंडक्टर, गाव मंगळवेढा, नाटकातलं आपल्याला काही कळत नाही असं अभिमानानं सांगणारे.

स्पर्धेच्या दिवशी ताईंनी बॅग उघडली आणि थांबल्याच. आत त्यांचा स्वतःचा स्वेटर, गुडघ्याचं तेल आणि शेंगाचटणीची पुडी होती. त्यांनी स्वेटरवरून हात फिरवला, सावकाश बॅग मिटली आणि जड पावलांनी दाराबाहेर गेल्या. नाट्यगृहात मग टाळ्या थांबेनात.

विंगेत ताईंनी नवऱ्याला गाठलं.

“अहो, हे काय भरून ठेवलंत?”

“नाशिकला चाललीस न्हवं? तितं थंडी लई असती.”

“नाटकात हो!”

“व्हय, ठावं हाय की. म्हणून काय कुडकुडत जाऊ देऊ?”

अभिनयाचं पहिलं बक्षीस घ्यायला ताई सोलापूरच्या उकाड्यात स्वेटर घालून गेल्या.