सोवळ्यावरचे जाकीट

आमच्या चंदीगडच्या मराठी मंडळींत गणपतीच्या सुमारास एक जुनी चित्रफीत हमखास लावली जाते. तीत मी सुखना तलावाच्या काठावर उभा राहून सोवळे नेसलेल्या एका डॉक्टरांवर ओरडतो आहे. सगळे हसतात. मग ती फीत काढणारे सेक्टर एकोणचाळीसमधले संशोधक सांगतात, "मेजरसाहेब मालवणचे, पण गुडघाभर पाण्याला घाबरले! बाप्पाला तासभर ताटकळत ठेवलं." या कथेतला एकही शब्द मला मान्य नाही. हसणाऱ्यांपैकी बरेच जण तेव्हा या शहरात नव्हतेच. म्हणून एकदा नीट सांगून ठेवतो.

नव्वदच्या दशकाचे मधले दिवस होते. परदेशी वस्तू दुकानांत नुकत्याच उघडपणे दिसू लागल्या होत्या, आणि सेक्टर बावीसच्या बाजारातून घेतलेला तो कॅमेरा संशोधकांच्या हातातून आरतीच्या वेळीही खाली उतरत नसे. आम्ही मराठी माणसे मोजकी. कुणी इस्पितळात, कुणी विद्यापीठात, कुणी माझ्यासारखे फौजेत. गणपती मात्र पेणचाच हवा. तो कुणाच्या तरी मांडीवर बसून रेल्वेने यायचा, आणि त्याला उतरवून घ्यायला सगळी बिऱ्हाडे फलाटावर लोटायची. ते लोक आता पांगले.

मूर्ती विसर्जित करण्याचा मान डॉक्टरांचा. त्यांना पोहता अजिबात येत नसे, आणि त्या वर्षी मूर्ती नेहमीपेक्षा मोठी होती. नावेत लाइफ जॅकेटे पडली होती. मी एक उचलून त्यांच्यापुढे धरले.

"अहो, सोवळ्यावर हे? कोण कोण घालून गेलंय, देव जाणे!"

"ऑपरेशनचा गाऊन काय तुमच्या एकट्याचा असतो, डॉक्टर?"

"तो उकळून येतो, मेजरसाहेब."

"मग यावर गंगाजल शिंपडा. पण पट्टे बांधल्याशिवाय नाव हलणार नाही."

मागून कुणीतरी ओरडले, "छोडो ना यार, मेजरसाब, हे काय युद्ध आहे?" फितीतला हशा तो हाच. मी नावेचा दोर पायाखाली दाबून उभा राहिलो. अखेर डॉक्टरांच्या पत्नीने, म्हणजे आम्हां सर्वांच्या वहिनींनी, कलशातले पाणी जाकिटावर ओतले. "झालं शुद्ध. घाला बघू आता, वाटली डाळ वाळून चाललीय." पट्टे मी स्वतः बांधले. तासभर नव्हे, एका आरतीला लागतो तेवढाच वेळ गेला.

म्हणे मी घाबरलो! माझे बालपण होडीत गेले आहे. आमच्या गावात पोहता न येणारे पाण्यात जातच नसत; जे बुडाले ते सगळे पट्टीचे पोहणारे होते. फौजेत नद्यांवर पूल बांधताना जाकिटावाचून एकाही जवानाला मी तराफ्यावर पाऊल ठेवू दिले नाही. याला भीती म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

मूर्ती बसूनच पाण्यात सोडायची, असे ठरले होते. पण देवाला निरोप द्यायचा आणि आपण बसून राहायचे, हे डॉक्टरांना रुचले नाही. काठापासून बरेच आत गेल्यावर ते मूर्तीसह उभे राहिले, नाव कलली, आणि 'मोरया' म्हणता म्हणता ते मूर्तीबरोबरच पाण्यात गेले. भिजलेल्या रेशमाने पाय असे आवळले होते की पोहणाऱ्याचेही काही चालले नसते. क्षणभर पाण्यावर नुसता पाट दिसला. मग नारिंगी जाकीट वर आले आणि जाकिटात डॉक्टर, चष्म्याविना, खोकत. नावाड्याने खांद्याच्या पट्ट्याला धरून त्यांना आत ओढले.

हे फितीत नाही. संशोधक कॅमेरा गवतात टाकून पाण्याकडे धावले होते. त्या घटकेला त्यांनाही पाणी गुडघाभर वाटले नव्हते.

वहिनी शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, "बाप्पानंच वर काढलं." त्यांच्याशी मी वाद घातला नाही, बाकी कुणाशीही घालीन.

डॉक्टर पुढे पुष्कळ जगले, हिंदीत उत्तरे देणाऱ्या नातवंडांना मराठी शिकवता शिकवता म्हातारे झाले. पुढच्या वर्षापासून सोवळे नेसून झाले की ते मुकाट्याने माझ्यापुढे येत आणि दोन्ही हात वर करून उभे राहत. मी पट्टे आवळी.

"जरा सैल, मेजरसाहेब. श्वास घेऊ द्या."

"परत आल्यावर घ्या," मी म्हणे.