मागचं दार उघडून दावा

बसच्या मागच्या दारावर ते बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करायचे आणि थांबायचे. आतून कुणीतरी ‘आले, आले’ म्हणेल अशी वाट बघायचे. कुणी म्हणत नसे. मग बसला वळसा घालून पुढे यायचे, ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे राहायचे आणि मान वर करून म्हणायचे, “मालक, मागचं दार उघडून दावा की.”

सोलापुरात कुणालाही मालक म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. रिक्षावाला प्रवाशाला म्हणतो, प्रवासी रिक्षावाल्याला म्हणतो, आणि ज्याच्या अंगावरचा शर्ट भावाचा असतो तोही मालकच असतो. तसा मीही मालक. सात रस्ता चौकात एक टेबल, एक डुगडुगतं स्टूल आणि पुण्याला जाणाऱ्या खासगी बसचं बुकिंग, एवढी माझी मालकी. बस माझी नव्हती. ती नक्की कुणाची होती हेही मला धड सांगता आलं नसतं. पाटीवर एकाचं नाव, कागदपत्रांवर दुसऱ्याचं, आणि फोनवर दम द्यायला तिसराच.

हे गृहस्थ रोज संध्याकाळी पाचला यायचे. तुमच्यापैकी त्या वेळी कुणी बस पकडली असेल तर त्यांना पाहिलंच असेल. पांढरा लेंगा, खिशात चष्मा, हातात तोंड उघडं असलेली कापडी पिशवी. ड्रायव्हर त्यांना लांबून बघूनच म्हणायचे, “आला बघा दारवाला.” मी मामा म्हणायचो. नाव माहीत होतं, पण कधी घेतलं नाही आणि आता इथेही घेत नाही.

दार उघडलं की मामा आत चढायचे आणि शेवटच्या रांगेतल्या लोकांना बजावायचे, “पावनं, ह्ये दांडकं असं वर करायचं. एकदा करून बगा.” एकदा एका म्हातारीला वाटलं, हे तिकीट तपासणारे आहेत. तिनं कनवटीची चिठ्ठी काढली. मामा म्हणाले, “तिकीट नगं मावशी, हात दावा. जोर हाय का बगू.” म्हातारीनं दांडा असा काही वर केला की दार धाडकन उघडलं आणि मागे भजी खात उभा असलेला माणूस दोन पावलं उडाला. मामा लई खूश. म्हणाले, “पास झाला तुमी.”

त्यांची दुसरी खोड म्हणजे गाठ दिसली की सोडायची. पार्सलची, पिशवीची, हाराची, कसलीही. माझ्या टेबलावर प्रवाशांची पुडकी असायची, ती बोलता बोलता मोकळी व्हायची. चहा आणताना पिशवीला गाठ मारू नका असं मी हॉटेलवाल्याला बजावून ठेवलं होतं, कारण मामा ती सोडत बसायचे आणि चहा गार व्हायचा. एकदा तर शेजारच्या रसवंतीच्या ताडपत्रीचा दोर त्यांनी गप्पांच्या नादात सोडला. ताडपत्री तीन गिऱ्हाइकांच्या डोक्यावर आली आणि शिव्या मात्र मला खाव्या लागल्या.

त्या दिवशी मी चिडलो. म्हणालो, “मामा, ही तपासणी करायला तुम्हाला नेमलंय कुणी?”

“कुनी न्हाय,” ते म्हणाले. “म्हनून तर येतो की.”

आता तुम्हाला वाटेल, एक विक्षिप्त म्हातारा, आणि त्याला सांभाळून घेणारा एक भला माणूस. तसं वाटू देऊ नका. ते का येत होते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सात रस्त्यावर ते माहीत असलेला मी एकटाच होतो.

मामा मूळचे करमाळ्याकडचे. तरुणपणी सोलापुरात आले आणि पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे बांधायला लागले. त्यांच्या गाठीचं नाव होतं. त्यांचा गठ्ठा पुण्याच्या व्यापाऱ्याला कात्रीनंच उघडावा लागे. तुम्हाला आमची पद्धत सांगतो. ट्रकनं माल पोचायला दोन दिवस लागतात. घाईची ऑर्डर असली की गठ्ठे सरळ प्रवासी बसमध्ये टाकायचे. डिकी भरली तर आत, शेवटच्या रांगेमागे, संकटकाळच्या दाराला टेकवून. पावती नाही, नोंद नाही. सगळेच टाकत होते आणि बसच्या कंपनीला ते ठाऊक होतं. त्या दाराचा दुसरा काही उपयोग असतो हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

एके दिवशी टमटममधून असे चार गठ्ठे आले आणि गठ्ठ्यांवर बसून मामी आल्या. पुण्याला मुलीकडे निघाल्या होत्या. मामी केमच्या. मामा म्हणायचे, “मंडळी केमची हाय. कुंकवाच्या गावची, म्हनून जरा तोऱ्यात असती.” मामांनी गठ्ठे मागच्या दाराशी रचले आणि मामींना अगदी त्यांच्यापुढच्या सीटवर बसवलं. म्हणाले, “मऊ माल हाय. टेकून बस, धक्का बसायचा न्हाय.” मग त्यांना भीती वाटली, वरचा गठ्ठा घसरून बायकोच्या अंगावर आला तर? म्हणून त्यांनी दोर दाराच्या दांड्यातून ओवला आणि आपली नेहमीची गाठ मारली. मायेनं मारली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ड्रायव्हर मागे वळून मला म्हणाला, “दाराला बांधतायत. चालंल का?”

मी घड्याळ बघितलं. मागची बस हॉर्न वाजवत होती. मी म्हणालो, “बांधू द्या. सोडा गाडी.”

मोहोळच्या पुढे बस डाव्या कुशीवर आडवी झाली. पुढचं दार खाली दबलं. पुढचे लोक काचेतून निघाले, मागचे मागच्या दाराकडे धावले. दार ढकललं की दोर ताणायचा आणि गाठ आणखी आवळायची. शेतातली माणसं पहारी घेऊन येऊन काचा फोडेपर्यंत कुणाचा हात मोडला होता, कुणाचा पाय चिरडला होता, आणि मामी दोन गठ्ठ्यांखाली होत्या. कंबर गेली. आठ महिने अंथरुणावर काढून त्या गेल्या.

त्या आठ महिन्यांतली एकच गोष्ट मामांनी मला सांगितली, तीही चहावर फुंकर मारत. “एक दिस दुपारी म्हनली, गाठ लई घट्ट मारल्याली वो तुमी. म्हनली आन हसली. तारीफ केली का तक्रार, कळलंच न्हाय मला. इचारीन म्हनलं, ऱ्हाऊन गेलं.”

तेव्हापासून मामांनी गाठ मारली नाही. कारखान्यात ते टॉवेलच्या घड्या घालायला लागले.

कंपनीनं त्यांच्या नोटिशीला उत्तर पाठवलं होतं. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून मामा पिशवीत बाळगायचे. बसमध्ये कोणताही माल नव्हता, दार सुस्थितीत होते, प्रवाशांनी घाबरून गोंधळ केल्यामुळे इजा झाल्या. मामा त्या ओळीवर बोट ठेवायचे. “घाबरून गोंधळ. म्हंजी चूक मंडळीची? मालक, भरपाई नगं असं म्हनत न्हाय मी. पर पैल्यांदा ह्ये वाक्य खोडून पायजे. तिनं काय बी केलं न्हाय वो. ती नुसती टेकून बसली हुती.”

त्यांच्या वकिलांनी त्यांना बजावलं होतं की गठ्ठे होते एवढंच सांगा, गाठीचं नाव काढू नका, दावा अंगावर येईल. मामांनी मान डोलावली आणि घरी जाऊन पुण्याला मुलीला फोन लावला. कोर्टात सगळ्यांसमोर कळण्याआधी आपल्या तोंडून कळावं, म्हणून गाठ कुणी मारली ते तिला सांगून टाकलं. तिनं फोन ठेवला. त्यानंतर उचललाच नाही. रोज संध्याकाळी माझ्या टेबलाशी बसून ते एकदा नंबर लावायचे, रिंग पूर्ण होऊ द्यायचे आणि फोन खिशात टाकायचे. मग म्हणायचे, “कामात असंल.”

मामांच्या साक्षीच्या दिवशी मीही कोर्टात होतो. कंपनीनं साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं होतं. मी फक्त ‘माल नव्हता’ म्हणायचं होतं. माझी एजन्सी, माझं स्टूल, माझं घर त्या दोन शब्दांवर उभं आहे, हे मला फोनवरून नीट समजावण्यात आलं होतं. मामा नेहमीप्रमाणे दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले होते. नाव पुकारल्यावर उठले आणि उभं राहताच गाठीचं सगळं सांगून मोकळे झाले. त्यांच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

कंपनीचे वकील खूश. “म्हणजे दार तुम्हीच बांधलंत. मग कंपनीचा दोष काय?”

मामा म्हणाले, “गाठ माजी. ती मी कुटं बी म्हनीन. पर गाठ मारल्याली गाडी सोडली कुनी? धा मिंटं गाडी हुबी हुती सायेब. कुनी एकानं न्हाय म्हनायचं हुतं की.”

“कोण होतं तिथे? नाव सांगा.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग समोर बघून म्हणाले, “ज्याचं त्यानं सांगावं.”

मी उठलो नाही. माझी साक्ष पुढच्या तारखेला होती, असं मी स्वतःला सांगितलं. लाज म्हणतात ती मला त्या दिवशी कळली.

त्याच संध्याकाळी पाचला मामा आले. टकटक केली, दार उघडून घेतलं, चहा घेतला. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट चार शिव्या दिल्या असत्या आणि रात्री शांत झोपलो असतो. त्यांनी माझ्या टेबलावरच्या पुडक्याची गाठ सोडली, दोरी गुंडाळून माझ्या हातात दिली आणि गेले.

त्या महिन्याच्या शेवटी एके दिवशी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. ड्रायव्हर म्हणाले, “दारवाल्याला सुट्टी दिली काय मालक?” चौथ्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारच्या तेलुगू बाई मला मराठीत म्हणाल्या, “गेले की वो ते. सोमवारी सकाळी चहा द्यायला गेले मी, उठलेच नाहीत. मुलगी आली होती, लई रडली.” ओसरीत त्यांची कपडे वाळत घालायची दोरी होती. दोन्ही टोकं खिळ्यांना नुसती गुंडाळलेली. टॉवेल होता एक, तो वाऱ्यानं खाली पडला होता. मी उचलून परत टाकला आणि निघालो. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, आणि हा माणूस तर त्या खोलीत रोज परत जात होता.

दावा मुलीच्या नावावर पुढे चालू राहिला. पुढच्या तारखेला ती लेकराला कडेवर घेऊन आली आणि पुढच्या रांगेत बसली. माझं नाव पुकारलं.

“बसमध्ये माल होता?” कंपनीच्या वकिलांनी अगदी सहज विचारलं.

“होता,” मी म्हणालो. “चार गठ्ठे. रोज असायचा. कंपनीला माहीत होतं.”

त्यांनी कागदातून मान वर काढली. मग एकामागून एक प्रश्न आले, मी उत्तरं देत गेलो. दार बांधलेलं होतं, हो, मी बघितलं. ड्रायव्हरनं विचारलं होतं, हो, मलाच.

“आणि गाडी कुणी सोडली?” हे न्यायाधीशांनी विचारलं.

“मी.”

टायपिस्ट बाई म्हणाल्या, “मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही.”

मी मागे बघितलं. दाराजवळच्या बाकावर कुणी नव्हतं. “गाडी मी सोडली,” मी मोठ्यानं म्हणालो. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांच्यापर्यंत ते जाणार नव्हतं. बाईंनी ते टाइप केलं.

एजन्सी गेली. निकाल अजून यायचा आहे, आणि ते ‘घाबरून गोंधळ’चं वाक्य अजून खोडलेलं नाही.

साक्षीच्या त्या दिवशी कोर्टाचं काम संपल्यावर मुलगी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. ती मला बोलेल, मारेल, मी तयार होतो. ती म्हणाली, “मी सहा महिने फोन उचलला नाही त्यांचा.” मी म्हणालो, “ते म्हणायचे, कामात असेल.”

लेकराची चप्पल निघाली होती, ती तिनं उगाच पुन्हा पुन्हा नीट केली. मग विचारलं, “ते कुठं बसायचे?”

मी दाराजवळचा बाक दाखवला. शिपाई पंखे बंद करत होता, तो थांबला. ती जाऊन त्या बाकावर बसली. लेकराला मांडीवर घेतलं, पिशवी खाली ठेवली, आणि थोडी सरकून शेजारी एका माणसाची जागा केली.