हलायची मनाई
ॲक्युपंक्चरचा पहिलाच दिवस. डॉक्टरबाईंनी दुखऱ्या खांद्याला हात लावला आणि मी इंजेक्शनच्या सवयीनं डोळे मिटून मूठ आवळली.

"मूठ सोडा," त्या म्हणाल्या, "सुया लावून झाल्या. आता अर्धा तास अजिबात हलायचं नाही."

डास चावल्याइतकंही कळलं नव्हतं. खांद्यात नुसतं काहीतरी जडसर, कोमट पसरत होतं.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. घरूनच असणार, साखरेचा डबा कुठे ठेवलाय म्हणून विचारायला. सवयीनं उठू गेले आणि आठवलं, मला मनाई आहे. फोन वाजून वाजून गप्प झाला. स्वस्थ पडून राहा, असं इतक्या वर्षांत मला कुणी बजावलंच नव्हतं!

खांद्याचं दुखणं किती उतरलं, देव जाणे. पण बाई सुया काढायला आल्या तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या ना अजून थोडा वेळ."