युद्ध होणार नाही

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीने आजोबांना विचारलं, ‘शाळेच्या वादविवादात मला आखाताचा विषय आलाय, तुम्ही तर टीव्हीवर बोलायचात, मला मुद्दे सांगा ना.’ आजोबांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते गच्चीवर निघून गेले. त्यांना राग आला का, असं तिने मला विचारलं. राग नव्हता. खरं कारण तुम्हाला इतक्या लांब कुणी कळवलेलं नाही, म्हणून मी, तुमची आजी, लिहिते आहे.

आजोबांनी जळगावच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर इथल्या एका केबल चॅनेलने त्यांना बोलवायला सुरुवात केली. जगात कुठेही बॉम्ब पडला, की मेहरूणच्या आमच्या घरी फोन यायचा, ‘सर, संध्याकाळी या.’ भर उन्हाळ्यात ते कोट चढवून जायचे. पडद्यावर खाली ‘परराष्ट्र धोरण तज्ज्ञ’ अशी पट्टी झळकायची. मी इंग्रजी चॅनेलही बघत असे. तिथले तज्ज्ञ एकमेकांवर ओरडायचे. आजोबा कधी ओरडले नाहीत. नकाशा समोर ठेवून, वर्गात बोलावं तसं सावकाश बोलायचे.

त्यांची थोरली बहीण, आपली अक्का, नरडाण्याला राहते. भावाचा एकही कार्यक्रम ती चुकवत नसे. इथलं चॅनेल तिकडे दिसत नाही, म्हणून थोरल्या मुलाच्या मोबाईलवर बघायची आणि मग फोन करायची.

“भाऊ, बठ्ठा जगनं भांडन तू मिटाडस, आन घरना पंखा बिघडना ते वायरमनले बलावस!”

“पंखा अवघड असतो, अक्का,” आजोबा म्हणायचे, आणि दोघं लहानपणासारखे हसायचे.

अक्काचा धाकटा मुलगा आधी नरडाण्याच्या एमआयडीसीत फिटर होता. पुढे आखातातल्या एका बंदरावर क्रेनच्या दुरुस्तीला गेला. मामाचे व्हिडिओ तो खोलीतल्या सोबत्यांना दाखवायचा. तिथे त्याला सगळे मामाच्या नावाने चिडवायचे, आणि ते त्याला आवडायचं.

त्या वर्षी आखातात तणाव वाढला. आजोबा रोज संध्याकाळी चॅनेलवर जाऊ लागले. एका कार्यक्रमात त्यांनी स्पष्ट सांगितलं, “कुणालाच मोठं युद्ध परवडणारं नाही. मर्यादित हल्ले होतील, प्रत्युत्तर दिल्याचं समाधान दोन्ही बाजूंना मिळेल, आणि मग बोलणी सुरू होतील. युद्ध होणार नाही.”

त्याच सुमारास अक्काच्या धाकट्याच्या कंपनीने, ज्यांना घरी जायचं असेल त्यांनी जावं, असं सांगितलं होतं. त्याने आईला विचारलं, येऊ का? हे आम्हाला ठाऊक नव्हतं. अक्काने आम्हाला फोन केला नाही. नंतर मी तिला कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, घरातलं माणूस फोनवर धीर द्यायला काहीही बोलतं. टीव्हीवर चारचौघांसमोर बोलायचं म्हणजे तोलूनमापूनच बोलावं लागतं, म्हणून तिने तिथलंच ऐकलं. मुलाला तिने सांगितलं होतं, “ऱ्हाय तठेच. तुना मामानी सांगं, युद्ध व्हवाव नही.”

युद्ध झालं नाही. त्या बंदरावर एक क्षेपणास्त्र पडलं.

अक्काच्या थोरल्या मुलाचा फोन येऊन गेला होता, आणि आजोबा अजून खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते, तेवढ्यात चॅनेलचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता. “सर, तुम्ही म्हणालात अगदी तसंच झालं! मर्यादित हल्ला! अभिनंदन. आज येताय ना?”

“आज जमणार नाही,” आजोबा म्हणाले. आणि सवयीने “धन्यवाद” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अक्काच्या धाकट्याला पेटीतून घरी आणायला बरेच दिवस लागले. नरडाण्याला अंगणात माणसं बसली होती. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, मामाने तर सांगितलं होतं काही होणार नाही म्हणून. अक्काने ते ऐकलं. रडणं थांबवून ती म्हणाली, “मना भाऊ खोटं नही बोलना. युद्ध नहीच व्हयनं.”

तिने शिव्या दिल्या असत्या तर आजोबा उभे राहू शकले असते. हे ऐकून मात्र ते तिथेच मातीत बसले.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आपल्याकडे आखाजीला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला जातो, आणि म्हातारपणीही आजोबांनी ते कधी चुकवलं नव्हतं. या वेळी ते तयार होऊन पलंगावर बसून राहिले. कुठल्या तोंडाने जाऊ, एवढंच म्हणाले. शेवटी मी त्यांच्याबरोबर निघाले.

अक्काच्या देवघरापुढे, गेलेल्या माणसासाठी आखाजीला भरतात तशी, मुलाच्या नावाची पहिली घागर भरून ठेवली होती. घागरीच्या तोंडावर खरबूज आणि सांजोरी. आजोबांनी वाकून घागरीवर पाणी सोडलं. अक्काची पिशवी भरून तयार होती. “तुले उशीर व्हयना, भाऊ,” एवढंच ती म्हणाली आणि चपला घालू लागली.

येताना पॅसेंजरमध्ये ती खिडकीपाशी बसली, आजोबा समोर. अमळनेर गेल्यावर तिने त्यांच्याकडे बघितलं.

“भाऊ, तेस्नं कसानं भांडन व्हतं रे?”

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. आपला मुलगा कशापायी गेला, हे सांगणारा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता, आणि तो समोर बसला होता. आजोबांनी तोंड उघडलं. तेल, सामुद्रधुनी, जुने करार, हे सगळं त्यांना पाठ होतं. अक्का वाट बघत राहिली. शिकलेला भाऊ विचार करतोय, असं तिला वाटलं असावं. धरणगाव आलं, गेलं. मग तिने पदराने त्यांचे डोळे पुसले आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तुलेबी नही माहीत.”