खात्याचं घड्याळ

आबांसाठी मी एका वर्षात दोन घड्याळं घेतली आणि दोन्ही चुकली. पहिलं चुकलं ते माझ्या अडाणीपणामुळे. दुसऱ्याचा काही दोष नव्हता, ते बिचारं सांगितल्याप्रमाणे वागलं. तरी आजही ओळखीपाळखीचे लोक विचारतात, "आमच्याही घरी म्हातारं माणूस आहे, कुठलं घड्याळ घ्यावं हो? तुम्ही तर बराच अभ्यास केला होता." केला होता खरा.

आबा म्हणजे माझे वडील. रेल्वेत गँगमन होते, आणि पावसाळा लागला की रात्री घाटात गस्तीला जायचे. दरड कोसळली का, रुळाखालची खडी वाहून गेली का, हे पायी चालत बघायचं. हातात बत्ती, खांद्याला पिशवी आणि गळ्यात पत्र्याची डबी. त्या डबीत गस्तीची वही असायची. प्रत्येकाला चालायचं अंतर नेमून दिलेलं, त्याला बीट म्हणायचे. बीटच्या टोकाला पलीकडचा गस्तवाला समोरून यायचा. आबा आपली वही त्याला द्यायचे, तो त्याची आबांना द्यायचा, आणि दोघंही माघारी फिरायचे. वह्या बदलल्या की दोन्हीकडची वाट नीट आहे असं समजायचं.

"आणि समोरचा आलाच नाही तर?" मी लहानपणी विचारलं होतं.

"तर थांबायचं न्हाई. फुडं चालायचं, त्यो भेटंस्तवर."

एकदा तसं झालंही होतं. समोरचा तापाने फणफणून वाटेतल्या झोपडीत पडून राहिला आणि आबा त्याचीही बीट चालून भर दुपारी घरी आले. आईने तोवर रडून डोळे सुजवून घेतले होते. आबांना तिच्या रडण्याचं कारणच कळेना. "मानूसच न्हाई भेटला, मग वही कुनाला देनार?" एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले.

निवृत्तीनंतरची बारा-तेरा वर्षं बरी गेली. मग विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवलो की नाही ते. एके दिवशी उजाडता उजाडता ते बूट घालून बाहेर पडले आणि दोन तासांनी खंडाळ्याच्या बाजूला रुळाच्या कडेने चालताना एका दूधवाल्याला दिसले. तो ओळखीचा, म्हणून गाडीवर मागे बसवून घेऊन आला. आबा वाट चुकले नव्हते. वर्ष चुकले होते.

मी लग्न केलं नाही. वलवणच्या घरात आम्ही तिघंच. आईचे गुडघे गेलेले आणि मी दिवसभर नोकरीवर. माझं काम म्हणजे धरणाकडच्या भाड्याच्या बंगल्यांचं बुकिंग बघायचं आणि आलेल्या पाहुण्यांना वाट सांगायची. शनिवार उजाडला की फोन सुरू: "मॅडम, लोकेशन तर पाण्यात दाखवतंय!" मी त्यांना म्हणते, फोन खिशात ठेवा, पिठाच्या गिरणीपाशी डावीकडे वळा आणि कुत्रं भुंकेल तिथे थांबा. लोका सांगे ब्रह्मज्ञान. स्वतःचा बाप कुठे आहे हे मात्र मला सांगता येईना. घाटात कुठेतरी पडतील आणि आम्हाला कळणारसुद्धा नाही, ही भीती तेव्हापासून पोटात बसली ती बसलीच.

पंधरा दिवस मी घड्याळांचे व्हिडिओ पाहिले. सगळ्यांत पंचविशीतली, घोटीव अंगाची पोरं डोंगर चढताना दिसायची. कुठल्याचा पट्टा चांगला, कुठल्याची बॅटरी महिनाभर जाते, कुठलं पन्नास मीटर पाण्याखाली चालतं. आमच्या आबांना पन्नास मीटर पाण्याखाली कशाला न्यायचंय, असं मी त्या फोनवर ओरडले होते. शेवटी तळेगावच्या दुकानात गेले. "याच्यात जीपीएस आहे ना?" "आहे ना ताई, एकदम ॲक्युरेट." झालं माझं समाधान. पुढचा प्रश्न सुचला नाही, की बाबा, ते अचूक जे काही कळतं ते कुणाला कळवतं?

कुणालाच नाही, हे चार दिवसांनी समजलं. आबा निघून गेले, मी फोन उघडून बसले आणि फोन ढिम्म. ते धावणाऱ्यांचं घड्याळ होतं. माणूस कुठे गेला हे ते आपल्या पोटात साठवायचं आणि माणूस घरी, फोनजवळ आला की मग दाखवायचं. आबा दहा वाजता आपले आपण परत आले, चहात भाकरी कुस्करून खायला बसले आणि तेव्हा माझ्या फोनवर नकाशा उमटला. रुळाच्या कडेने सरळ रेघ, आणि कड्याखाली आल्यावर एकदम दरीत भिरकावलेली. उंच कड्यांपाशी असा घोळ होतो, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मात्र समोर जिवंत बसलेल्या माणसाकडे मी दोनदा वळून पाहिलं. खाली लिहिलं होतं, "शाब्बास! आजचं ध्येय पूर्ण."

त्याहून कहर पुढे. आई एकदा म्हणाली, "अगं, मघापर्यंत गप बसलेले असत्यात, मधीच दचकून उटत्यात न् बूट हुडकत्यात." मी रविवारी पाळतच ठेवली. आबा ओट्यावर निवांत बसलेले, आणि तासाभराने मनगटावर घड्याळ गुरगुरलं. बराच वेळ एका जागी बसलात, उठा, चाला. आबा मुकादमाची हाक आल्यासारखे ताडकन उठले. ज्या माणसाला घरात बसवायला मी ते घेतलं, त्यालाच ते कामावर पाठवत होतं. ती सोय बंद करायची जागा शोधायला मला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी हसले आणि मग न्हाणीत जाऊन रडले.

दुसरं घड्याळ नीट विचारून घेतलं. त्यात स्वतःचं सिमकार्ड, दर पाच मिनिटांनी माझ्या फोनवर ठिपका, आखून दिलेल्या हद्दीबाहेर पाऊल पडलं की इशारा. बॅटरी जेमतेम एक दिवस, म्हणून आबांच्या आंघोळीच्या वेळी ते चार्जिंगला लावायचं. अडचण एकच. आबा ते हातात घालू देईनात. पहिल्याची त्यांना सवय झाली होती, हे जड. "ह्ये असलं काय मला नगं."

मग मी थाप मारली. "आबा, हे खात्याचं आहे. साहेबांनी पाठवलंय. ड्यूटीवर घालायचं."

त्यांनी लगेच मनगट पुढे केलं. त्या दिवसापासून ते घड्याळ जपू लागले. जेवताना बाही खाली ओढायचे, बोटाने काच पुसायचे. मी स्वतःवरच खूश होते. चार जणांना फोन करून सांगितलं सुद्धा, की मॉडेल वगैरे सब झूट, माणसाला समजावता आलं पाहिजे.

मात्र एक नवीन खोड लागली. संध्याकाळी मी कामावरून आले की आबा दाराशी उभे राहायचे, घड्याळ काढायचे आणि माझ्यासमोर धरायचे. दुसरा हात रिकामा, तोही पुढे. दिवसभर फोनवर बोलून मी वैतागलेली असायचे. "आबा, काढायचं नाही म्हणून किती वेळा सांगायचं तुम्हाला?" म्हणत मी ते पुन्हा त्यांच्या मनगटावर चढवायचे आणि पट्टा एक घर जास्तच आवळायचे. थोडा वेळ तो रिकामा हात तसाच पुढे असायचा.

गौरी-गणपती होऊन गेले होते. सकाळी धुकं इतकं, की ऑफिससमोरचा रस्ता दिसत नव्हता. फोनवर इशारा वाजला, पाठोपाठ आईचा फोन, "गेलं गं." ठिपका खंडाळ्याकडे सरकत होता. मी स्कूटरची किल्ली घेऊन उठेपर्यंत तो वळला आणि भराभर कार्ल्याकडे निघाला. म्हणजे कुणीतरी गाडीत घेतलं. मी घड्याळावर फोन लावला, तो आपोआप उचलला जायचा. पलीकडे नुसता गाडीचा खडखडाट. मला केवढं हायसं वाटलं! पायी नाहीत, घाटात नाहीत, गाडीत बसलेत. मी कामशेतपर्यंत त्या ठिपक्याच्या मागे गेले, तिथून आत वळले आणि बेडशाला एका घरासमोर तो थांबलेला सापडला. भाजीचा रिकामा टेम्पो उभा होता. काचेमागे, देवाच्या फोटोशेजारी, आबांचं घड्याळ.

टेम्पोवाला माझ्याच वयाचा शेतकरी, खंडाळ्यात भाजी उतरवून आलेला. माझा चेहरा बघून बिचारा घाबरला.

"ताई, मी मागितलं न्हाई. रुळाजवळच्या टपरीपाशी च्या पीत हुतो. म्हातारं सरळ माज्याकडं आलं न् ह्ये हातात दिलं. म्हनलं, 'घ्या, समदं ठीक हाय.' मी म्हनलं, बाबा, मला कशाला? तर हात फुडं करून हुबंच. मला वाटलं भूक लागली आसंल, म्हून शेंगा दिल्या. त्या बघितल्या न् परत दिल्या. म्हनलं, 'वही कुटं हाय?'"

"मग?"

"म्या म्हनलं, कसली वही? तर म्हनलं, 'बरं. मग मी फुडं जातो.' ह्ये घड्याळ म्या सांजच्याला चौकीत देनार हुतो, देवाशप्पथ."

मी तिथेच, टेम्पोच्या चाकापाशी खाली बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण कळसा तरी कुठे होता काखेत? तो शेतकरी पाणी आणायला धावला. मला पाणी नको होतं. मला रोज संध्याकाळचं आमचं दार दिसत होतं, आणि त्यात पुढे आलेला तो रिकामा हात. बीट संपली की खात्याची वस्तू समोरच्याला द्यायची आणि त्याची वही घ्यायची, हे त्यांना पक्कं आठवत होतं. तो समोरचा कधी आलाच नव्हता, आणि तो समोरचा म्हणजे मी होते.

आबांच्या एका जुन्या सोबत्याला मी तिथूनच फोन केला. "घाटात खाली बघा. ते वर येणार नाहीत, पुढेच जाणार," म्हटलं. त्याला लगेच कळलं, काही समजावून सांगावं लागलं नाही. कामावरच्या गँगला दुपारी ते सापडले. स्वतःची बीट संपवून, पुढच्याची जवळजवळ सगळी चालून, एका बोगद्याच्या तोंडाशी ओल्या खडीवर घसरले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. गँगमधली माणसं दिसल्यावर आबांनी पडल्या पडल्या आधी हात पुढे केला. त्या माणसांना वाटलं, उठवायला सांगताहेत. त्यांनी अलगद उचललं.

दवाखान्यात पहिले तीन दिवस तोच हात गादीवरून उचलला जायचा. नर्स पाणी द्यायची, आई कपाळावरून हात फिरवायची. मला माहीत होतं काय हवंय, आणि तरी मी कागदांवर सह्या करत, ऑपरेशन झेपेल की नाही हे डॉक्टरांना विचारत इकडून तिकडे पळत राहिले. वॉर्डात बाकीची माणसं होती, त्यांच्यासमोर तसलं नाटक करायची लाजही वाटली. हे मी कुणाला सांगत नाही, पण लाज वाटली.

चौथ्या दिवशी ऑफिसातली निळ्या पुठ्ठ्याची, अर्धी कोरी वही पिशवीत घालून नेली. आबा छताकडे बघत होते. हात आता उचलला जात नव्हता. मी तो उघडला आणि वही त्यात ठेवली. बोटं हळूहळू पुठ्ठ्यावर फिरली, कडेपर्यंत गेली. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लेकीकडे बघतात तसं नाही, सोबतच्या माणसाकडे बघतात तसं.

"लय उशीर केलास, गड्या."

"व्हय," मी म्हटलं. "लय झाला."

ते दुसऱ्या हाताने गळ्यापाशी काहीतरी चाचपू लागले, मग मनगट. घड्याळ माझ्या पर्समध्ये होतं. बंद पडलेलं, आठवण कुणाला राहिली होती चार्जिंगची. मी ते त्यांच्या मुठीत दिलं. त्यांनी जरा दम घेतला आणि तेच घड्याळ माझ्यासमोर धरलं.

"घे. समदं ठीक हाय."

या वेळी मी ते घेतलं. पुढे ते आणखी पाच दिवस होते, पण त्यांनी पुन्हा हात पुढे केला नाही.