चार वर्षांचं बाळंतपण

कातिराला कुणी गरीब गाय म्हणत असेल, तर त्याने तिच्याशी एकदा भांडून पाहावं. आमच्या कझाख गावच्या शाळेत ती स्वयंपाकीण आहे, आणि जेवणाच्या रांगेत मुख्याध्यापकालासुद्धा मध्ये घुसू देत नाही. मी तिची थोरली जाऊ, दामेश. आम्ही दोघी वर्षानुवर्षं एकाच चुलीपाशी बसतो, तेव्हा मला ठाऊक असणारच.

तिला मूल नव्हतं. आमच्या सासूबाई, इरिस्ती आपा, यांना तेवढ्या एका गोष्टीपायी चारचौघींत मान खाली घालावी लागायची. शेवटी दत्तक घ्यायचं ठरलं. कातिराचं माहेर सरहद्दीपलीकडे, मंगोलियातल्या कझाख लोकांत. तिथल्या अनाथाश्रमात ओळख निघाली, आणि कातिरा एकदा जाऊन बघूनही आली. पण आपांची एकच अट, गावाला कळता कामा नये. मूल पोटचंच दिसलं पाहिजे.

"म्हणजे काय करू?" कातिराने विचारलं.

"उशी बांध पोटाला. माझ्या मावशीने बांधली होती. मरेपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही."

"तुम्हाला लागलाच की आपा," मी म्हणाले. त्यावर माझ्याशी दोन दिवस अबोला.

हसू नका, आमच्याकडे हे चालतं. आख्खा हिवाळा कातिरा उशी बांधून फिरली. शेजारणी येऊन पोटावरून हात फिरवायला बघायच्या, तेव्हा ती त्यांच्या हातावर चापटी मारायची. रात्री उशी काढून भिंतीवर आपटायची आणि म्हणायची, "हिचंच बारसं घाला आता." वसंत सरला तशी ती 'बाळंतपणाला' माहेरी निघाली. सोबत म्हणून आपांनी मला धाडलं. कोर्टकचेरी आधीच उरकली होती, तिचा नवरा बेकेन जाऊन सह्या करून आला होता. आम्ही फक्त बाळ घेऊन यायचं होतं.

बाळ कुठलं आलंय. आश्रमाच्या दारात एक चार वर्षांची पोर उभी होती. केस बारीक कापलेले, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. तिने कातिराच्या कोटाचं टोक धरलं ते सोडायलाच तयार नाही.

"ही नोमिन," कातिरा म्हणाली. "आपली."

मी दारातून आत डोकावले. "आणि बाळ?"

"पहिल्यांदा आले तेव्हा बाळच दाखवत होते. ते रडत होतं. ही बाजूला उभी. मला म्हणाली, 'ते रडतं. मी रडत नाही.'" कातिराने नाक पुसलं. "आता तुम्हीच सांगा जाऊबाई, मी काय करायचं होतं?"

काय सांगणार, कपाळ? "बेकेनला माहीत आहे?"

"सही त्याचीच आहे. आईला सांगायची हिंमत तेवढी झाली नाही."

आमच्या घरचे पुरुष असेच. लांडग्याला भीत नाहीत, आईला भितात.

मंगोलिया आणि आमच्या मध्ये रशियाचा पट्टा लागतो, परतीची बस तिथूनच जाते. नोमिन आमच्या दोघींच्या मध्ये त्याच उशीवर डोकं टेकून बसली होती. घाटात गचका बसला आणि तिचं कपाळ समोरच्या दांडीवर आदळलं. चांगलं टेंगूळ आलं. पोरीने ओठ आत ओढून घेतले, पण हूं की चूं केलं नाही. मला ते बघवेना. "रड गं बाई," मी म्हणाले. पण तिला फक्त मंगोल कळायचं.

पलीकडच्या बाकावर एक म्हातारबुवा होते. आमच्यात ज्याला त्याला आपल्या सात पूर्वजांची नावं पाठ लागतात, तेव्हा त्यांना राहवलं नाही. "कुणाची पोर? सात पिढ्यांचे बाप सांगता येतील का हिला?"

"पहिला बेकेन. वरचे सहा त्याचे तेच हिचे," कातिरा म्हणाली. "तुम्हाला तुमचे पाठ असतील तर म्हणा आणि झोपा."

सरहद्दीच्या नाक्यावरच्या शिपायाने कागद उलटेपालटे केले. "हिची खरी आई कुठे आहे?"

"तुमच्यासमोर उभी आहे. शिक्का मारा, मागे लोक खोळंबलेत."

गाव जवळ आलं आणि आपांचा फोन आला. मेंढा कापलाय, बायका जमल्यात, बाळाला वारा लागू देऊ नका. मी कातिराला म्हटलं, "असं कर, पोरीला चार दिवस माझ्या भावाकडे ठेवू. आपांना हळूहळू सांगता येईल."

"चोरून न्यायला मी मेंढी पळवलीय का?"

"आणि त्यांनी दारातूनच परत पाठवलं तर?"

"तर हिला घेऊन शाळेच्या कोठीत राहीन. पण हिला परत नेणार नाही."

घरात बायका परातीभोवती बसल्या होत्या. कातिरा आत शिरली, एका हाताला पोर, दुसऱ्या बगलेत उशी. उशी तिने सगळ्यांच्या मध्ये टाकली. "हिवाळाभर मी हिला पोटाशी बांधून हिंडले. आणि ही माझी लेक, नोमिन. हिला मी आणलीय, जन्म दिलेला नाही."

बायकांनी आधी उशीकडे बघितलं, नंतर पोरीकडे. मग एक शेजारीण म्हणाली, "बाळंतपण चार वर्षांचं दिसतंय."

"हो ना, म्हणून तर दमलेय. सरका जरा."

आपांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आवाज चढवला नाही त्यांनी. "गावात माझं तोंड काळं केलंस. उद्याच्या बसने हिला परत पोचव."

आमच्यात दत्तक पोराच्या हातात मेंढ्याच्या पायाचं लांब हाड देतात, चार साक्षीदारांसमोर. एकदा दिलं की पोर त्या घरचं, मग कुणाच्या बापाला बाहेर काढता येत नाही. कातिरा वाकली आणि परातीतून तेच हाड उचललं.

"माझ्या नावाने शिजलेलं मांस खाल्लंत ना सगळ्यांनी? मग आता साक्षीला नाही म्हणायचं नाही," ती म्हणाली आणि तिने हाड नोमिनच्या हातात दिलं.

परात नुकतीच कढईतून दुसऱ्यांदा भरली होती. शाळेची भांडी उचलून उचलून कातिराचे हात निबर झालेत, तिला काही जाणवलंच नाही. पोरीने ते दोन्ही मुठींत घट्ट धरलं. ओठ आत, डोळे काठोकाठ भरलेले. आम्ही सगळ्या कातिराकडे बघत होतो. पोरीकडे बघत होत्या एकट्या आपा.

"अगं, भाजतंय तिला," म्हणत त्यांनी हाड हिसकावून घेतलं.

आणि नोमिन रडली. हात भाजला तेव्हा नाही, हाड काढून घेतलं तेव्हा. असं रडली की अंगणातली कुत्री भुंकायला लागली. रिकाम्या लाल मुठी आपांच्या पुढे धरून रडत होती.

आपा हातातल्या हाडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडला, सगळ्यांसमोर, त्यात हाड गुंडाळलं आणि तिच्या हातात परत ठेवलं. "घे बाई, घे. कुणी नेत नाही तुझं."

मग त्या आमच्याकडे वळल्या. "बघत काय बसलात सगळ्या? दही आणा. माझी नात भाजलीय."